वक्तृत्व स्पर्धांच्या आयोजकांना, धर्मप्रसाराच्या विषयाबद्दल खुले पत्र

प्रति,
सोलापूर शहर व जिल्ह्यातील वक्तृत्व-वादविवाद स्पर्धांचे आयोजक, परीक्षक आणि व्याख्यानमालांचे कार्यकर्ते यांस,

स. न. वि. वि.

काही धर्म नवी माणसं आत घ्यायला धडपडतात, काही धडपडत नाहीत, असं का, हा विषय स्पर्धांच्या पत्रिकांत शब्द बदलून वारंवार येतो. विषय उत्तम आहे. मांडणी मात्र अशी असते की बोलणाऱ्यापुढे दोनच वाटा उरतात. एक म्हणते, प्रसार न करणारे सहिष्णू आणि करणारे आक्रमक. दुसरी म्हणते, प्रसार करणारे सर्वांना जवळ घेणारे आणि न करणारे सोवळे. दोन्ही भाषणं टाळ्या घेतात आणि दोन्हींतून ऐकणाऱ्याच्या पदरात नवं काही पडत नाही. आम्ही धर्मांचा इतिहास शिकवणारी माणसं आहोत. या विषयात सांगण्यासारखं खूप आहे आणि त्यातलं बरंचसं सोलापूरच्या आसपासच घडलेलं आहे, म्हणून हे पत्र.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. माणसं आत घेणं हा धर्माचा जन्मजात स्वभाव नसतो, ते एक काम असतं. त्याला हिंडणारी माणसं लागतात, ठरलेला विधी लागतो, पैसा लागतो, राज्यकर्त्याची निदान आडकाठी नसावी लागते आणि आलेल्या माणसाच्या मुलांची लग्नं जमावी लागतात. यातलं एक तुटलं की काम अडतं. जवळजवळ प्रत्येक मोठ्या धर्माने हे काम कधी ना कधी केलं आहे आणि कधी ना कधी बंद ठेवलं आहे.

‘प्रसारक’ आणि ‘अप्रसारक’ हे दोन खण पाडले मॅक्स म्युलर यांनी. ३ डिसेंबर १८७३ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत दिलेल्या व्याख्यानात त्यांनी बौद्ध, ख्रिस्ती आणि इस्लाम हे एका बाजूला, तर ज्यू, ब्राह्मणी आणि पारशी हे दुसऱ्या बाजूला ठेवले. आपल्या विषयपत्रिका नकळत त्याच खणांवर चालतात. त्यांना लगेच, १८७४ मध्ये, उत्तर दिलं ते आल्फ्रेड लायल यांनी. हे गृहस्थ वऱ्हाडात आयुक्त होते, वऱ्हाडचं १८७० चं गॅझेटियर त्यांचंच. खुर्चीतून नव्हे तर गावांतून पाहिलेलं ते लिहीत होते. त्यांचा मुद्दा असा की, हिंदुस्थानात दरसाल जितके लोक ब्राह्मणी वळणात येतात तितके बाकी सगळ्या धर्मांत मिळूनही जात नाहीत, फक्त ते एकेकटे येत नाहीत. आख्खी टोळी येते, सोबत आपला देव घेऊन येते. त्या देवाला एखादं पौराणिक नातं मिळतं, टोळीला जातीचं नाव मिळतं, लग्नाला पुरोहित येऊ लागतो. अमुक दिवशी धर्म बदलला असं कोणाला सांगता येत नाही, म्हणून मोजणीत हे दिसत नाही. दीडशे वर्षांपूर्वी या विषयावर झालेला हा सवाल-जवाब स्पर्धकांना ठाऊकही नसतो. तो ठाऊक करून दिला तरी भाषणांची पातळी वर जाईल.

आता नेहमीची तीन स्पष्टीकरणं घ्या. ‘एकच देव मानणारे प्रसार करतात’ हे पहिलं. ज्यू एकच देव मानतात आणि प्रसार करत नाहीत. बौद्ध सृष्टिकर्ता देव मानत नाहीत आणि आशियाभर गेले. ‘ज्यांचा एक धर्मग्रंथ आहे ते प्रसार करतात’ हे दुसरं. ज्यूंपाशी तोरा हा ग्रंथ आहे, पारशांपाशी अवेस्ता आहे. ‘पुनर्जन्म मानणाऱ्यांना घाई नसते, या जन्मी नाही तर पुढच्या’ हे तिसरं. यात थोडं तथ्य आहे, पण पुनर्जन्म बौद्धही मानतात आणि ‘चरथ भिक्खवे चारिकं, बहुजनहिताय बहुजनसुखाय’ हा आदेश त्यांचाच आहे. त्याच आदेशात पुढे ‘दोघे एका वाटेने जाऊ नका’ असंही आहे. भिक्खू साठ, वाटा साठ. कामाची इतकी नेमकी वाटणी करणाऱ्या धर्माला घाई नव्हती असं कोण म्हणेल?

तत्त्वज्ञानाचा वाटा शून्य आहे असं आम्ही म्हणत नाही. बाहेर राहिलेल्या माणसाचं काय होतं, या प्रश्नाला धर्म काय उत्तर देतो त्यावर निकड ठरते. ज्यू परंपरेत परक्यासाठी नोहाचे सात नियम पुरेसे मानले आहेत. ते पाळणारा सज्जन परका येणाऱ्या जगाचा वाटेकरी होतो. मग त्याच्यावर ६१३ आज्ञांचं ओझं कशाला घालायचं? ‘स्वधर्मे निधनं श्रेयः’ म्हणणाऱ्या परंपरेत ज्याचा त्याचा अधिकार वेगळा, तेव्हा दुसऱ्याला आपल्या वाटेवर आणण्यात त्याचं भलं आहे असं गृहीत धरता येत नाही. उलट, एकच जन्म, एकच निवाडा आणि एकच संदेश, अशी मांडणी असेल तर शेजाऱ्याला तो न सांगणं हाच अपराध ठरतो. पण निकड असून काम होत नाही आणि निकड नसताना काम होतं, अशी उदाहरणं इतिहासात ढिगाने आहेत. म्हणून तत्त्वज्ञानावर दोन मिनिटं पुरेत.

खरी गंमत विधीत आहे. आत यायला नेमकं काय करावं लागतं? ज्यू धर्मात गियूर म्हणजे प्रवेश. तीन जणांचं धर्मपीठ बसतं, पुरुषाची सुंता होते, मग मिकव्यात, म्हणजे विधिवत पाण्याच्या कुंडात, पूर्ण बुडी घ्यावी लागते. त्याआधी शिकण्यात अनेकदा वर्षभर जातं. इच्छुकाला सुरुवातीला परतवून लावण्याची रीत आहे, आणि तालमुद या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथात त्याला विचारायचा प्रश्नही दिला आहे: इस्रायलचे लोक आज छळले जाताहेत, हे ठाऊक असून तू का येतोस? हा धर्म नेहमीच असा दार लोटून बसला नव्हता. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात जॉन हिर्कानस या ज्यू राज्यकर्त्याने इदुमियाच्या लोकांना सक्तीने ज्यू केलं. पहिल्या शतकात मेसोपोटेमियातल्या अदियाबेनेचं राजघराणं आपणहून ज्यू झालं. मग रोमन कायदा आडवा आला. सम्राट अंतोनिनस पायस याने ज्यूंना फक्त स्वतःच्या मुलांची सुंता करायची मुभा ठेवली, परक्याची केली तर कडक शिक्षा. चौथ्या शतकापासून ख्रिस्ती सम्राटांनी पाश आणखी आवळला. जे काम केलं तर शिक्षा होते ते काही पिढ्यांनी ‘आपल्यात नसतंच’ असं होऊन बसतं. परीक्षकांनी हे वाक्य टिपून ठेवावं, कारण पारशांच्या आणि द्रूझांच्या बाबतीत ते पुन्हा उपयोगी पडतं. लेबनॉन-सीरियातल्या द्रूझ पंथाने तर १०४३ मध्ये प्रवेश रीतसर बंद केला, तो आजवर बंद आहे.

याच ज्यू कुशीतून निघालेल्या ख्रिस्ती मंडळीने इसवी सन ४९-५० च्या सुमारास जेरुसलेमच्या सभेत एक निर्णय घेतला: ज्यू नसलेल्यांना सुंतेची अट नाही. धर्मप्रसाराच्या इतिहासात एवढा परिणाम करणारा दुसरा निर्णय दाखवणं कठीण आहे. शिकवण तीच राहिली, पण प्रौढ माणसाला भीती वाटणारी अट निघाली. पुढे विधी स्वस्त झाला असंही नाही. रोमकडच्या मंडळीत तिसऱ्या-चौथ्या शतकांत बाप्तिस्म्याआधी तीन वर्षं शिक्षणार्थी म्हणून काढण्याची रीत नोंदलेली आहे. इस्लाममध्ये येताना म्हणायच्या शहाद्याला, म्हणजे श्रद्धेच्या ग्वाहीला, याच्या तुलनेत दोन वाक्यं आणि साक्षीदार पुरतात. मग इस्लाम पहिल्या दिवसापासून झपाट्याने फैलावला असेल, असा अंदाज स्पर्धक हमखास बांधतात, आणि इथे ते फसतात. उमय्या घराण्याच्या खलिफांच्या काळात नव्या मुसलमानाला एखाद्या अरब टोळीचा आश्रित, म्हणजे मौला, व्हावं लागे. शिवाय जिंकलेल्या मुलखातून जिझिया येत होता. लोक मुसलमान झाले की महसूल घटणार. इराकचा सुभेदार हज्जाज याने नवमुस्लिमांकडूनही जिझिया वसूल करणं चालू ठेवलं. खलिफा दुसरा उमर (७१७ ते ७२०) याने ते थांबवलं. पैगंबर हाक द्यायला आले होते, करवसुलीला नव्हे, अशा अर्थाचं उत्तर त्याच्या नावावर सांगितलं जातं. म्हणजे ज्या धर्माला आपण सर्वांत ठामपणे ‘प्रसारक’ म्हणतो, त्याच्याच राज्यकर्त्यांना काही दशकं प्रसार परवडत नव्हता.

आता हिंडणाऱ्यांकडे या. हा भाग भाषणांत येतच नाही, आणि आमच्या मते सगळ्यात रंजक हाच आहे. जैन धर्माचं तत्त्वज्ञान सर्व जीवांसाठी आहे, महावीरांच्या संघात कोणालाही दीक्षा होती. मग तो समुद्रापलीकडे का गेला नाही? मुनी वाहनात बसत नाहीत. चातुर्मासात एका जागी राहतात. दिगंबर मुनी दिवसातून एकदाच, उभ्याने, हाताच्या ओंजळीत आहार घेतात, आणि तो विधीने देणारं श्रावकाचं घर वाटेत असावं लागतं. असा प्रचारक पायी जाईल तिथवरच धर्म जाणार. दख्खनमध्ये तो तसा गेला आणि राजांचा आश्रय मिळवून शतकानुशतकं नांदलाही. १८९३ च्या शिकागो परिषदेचं निमंत्रण आचार्य आत्मारामजींना आलं तेव्हा त्यांना जाता येईना, म्हणून वीरचंद गांधी या गृहस्थ श्रावकाला पाठवलं. १९८० मध्ये तेरापंथाचे आचार्य तुलसी यांनी समण-समणी असा मधला वर्ग काढला, ज्यांना वाहनाची आणि परदेशी जाण्याची मुभा आहे. सिद्धांतात कणभर बदल न करता पोच वाढली.

बौद्धांनी ही अडचण फार लवकर ओळखली. भिक्खूला उपसंपदा, म्हणजे पूर्ण दीक्षा, द्यायला दहा भिक्खूंचा संघ लागे. अवंतीच्या सोण कुटिकण्णाला दहा भिक्खू जमवायला तीन वर्षं लागली, अशी विनयपिटकात नोंद आहे. त्याने बुद्धांकडे गाऱ्हाणं नेलं. उत्तर मिळालं: सीमेवरच्या प्रदेशांत पाच पुरेत, त्यातला एक विनय, म्हणजे संघाचे नियम, जाणणारा असावा. जोडीला जाड तळव्याची पादत्राणं आणि वारंवार स्नान यांचीही सवलत मिळाली, कारण तिकडची जमीन काट्याकुट्यांची, खडबडीत. ज्या धर्मसंस्थेने चपलेच्या तळव्याचा विचार केला ती लांब जाणार यात नवल काय? अशोकाच्या काळच्या धम्मदूतांच्या यादीत ‘महारट्ठ’ देशाकडे महाधम्मरक्खित थेरांना पाठवल्याचं महावंस सांगतो. मराठी मुलांच्या भाषणात हे नाव कधी ऐकू येत नाही, याची आम्हाला खंत आहे.

हिंदू परंपरेत समुद्रगमनाला धर्मसूत्रांचा विरोध होता, तरी ब्राह्मण बोर्निओपर्यंत पोहोचले. तिथल्या कुताईच्या यूपलेखांत, म्हणजे यज्ञस्तंभांवरच्या लेखांत, साधारण इसवी सन ४०० च्या, तीन पिढ्यांची नावं आहेत: आजोबा कुंडुंग, मुलगा अश्ववर्मन, नातू मूलवर्मन. आजोबाचं नाव स्थानिक, मुलापासून संस्कृत. पुरोहित राजाने बोलावला म्हणून गेला, राजासाठी यज्ञ केला, गाई दान घेतल्या. प्रजेला दीक्षा देणं त्याच्या कामात नव्हतं. राजवंश टिकला तोवर विधी टिकला. प्रसार झाला की नाही? झाला. म्युलर यांच्या खणात बसतो का? बसत नाही.

ख्रिस्ती बाजूचं उलटं उदाहरणही द्यायला हवं. केरळच्या सीरियन ख्रिस्त्यांना कोल्लमच्या राजवटीने ८४९ मध्ये ताम्रपटाने व्यापारी हक्क दिले. पुढे शतकानुशतकं ही मंडळी एखाद्या प्रतिष्ठित जातीसारखी राहिली, शेजाऱ्यांना आपल्यात ओढण्याची खटपट तिने केली नाही. तोच येशू, तेच शुभवर्तमान. युरोपातल्या प्रोटेस्टंटांनीही पहिली दीड-दोनशे वर्षं परदेशी प्रसाराचं फारसं मनावर घेतलं नाही. ‘सर्व राष्ट्रांस शिष्य करा’ ही आज्ञा प्रेषितांपुरती होती, असं त्यांच्यातले अनेक पंडित म्हणत. विल्यम केरी यांना १७९२ मध्ये पुस्तिका लिहून हे खोडावं लागलं. ते १७९३ मध्ये बंगालला आले. पहिला बाप्तिस्मा, कृष्ण पाल या सुताराचा, डिसेंबर १८०० मध्ये झाला. सात वर्षांत एक. त्यात कंपनी सरकारला मिशनरी नको होते, व्यापार बिघडेल म्हणून. १८१३ च्या सनदेने दार किलकिलं झालं. अमेरिकन मराठी मिशन मुंबईत उतरलं तेही १८१३ मध्येच. पुढे अहमदनगर, मग सोलापूर. शाळा, दवाखाना, छापखाना, पगारी उपदेशक, आणि हे सगळं चालवायला अमेरिकेतल्या चर्चमधून येणारी वर्गणी. वर्गणी देणारा अहवाल मागतो, अहवालात आकडा लागतो. आकड्याचा सोस कुठून येतो हे समजायला धर्मशास्त्र वाचायची गरज नाही, हिशेबाची वही पुरते.

आता ज्या ठिकाणी हे काम आपल्याकडे सर्वांत जास्त वेळा अडलं, तिथे येऊ. ते ठिकाण म्हणजे लग्नाचा मांडव. कृष्ण पालने मिशनऱ्यांबरोबर जेवण केलं तेव्हा गर्दी जमली, पण खरी कसोटी १८०३ मध्ये लागली. त्याच्या मुलीचं लग्न ब्राह्मण घरातून आलेल्या ख्रिस्ती तरुणाशी झालं. नवी मंडळी तिथे जातीपासून वेगळी झाली. धर्म बदलणाऱ्याचा वडिलोपार्जित वारसा जाऊ नये म्हणून १८५० मध्ये कायदा झाला. वारसा कायद्याने मिळतो, सोयरीक मात्र कायद्याने जमत नाही.

शुद्धीचंही तेच. नेताजी पालकरांना १६७६ मध्ये शिवाजी महाराजांनी परत घेतलं, हे सगळे सांगतात. बजाजी निंबाळकरांच्या परतण्याची कथाही सांगतात, पण त्यातला कळीचा तपशील घाईत सुटतो: महाराजांनी आपली मुलगी सखुबाई बजाजींच्या मुलाला, महादजीला, दिली. छत्रपतींची लेक घरात आली म्हटल्यावर पंक्तीत कोण नाही म्हणणार? आर्य समाजाने, ज्याची स्थापना १८७५ मध्ये मुंबईत झाली, पुढे शुद्धीचा विधी सोपा केला. होम, जानवं, गायत्री. एकटा माणूस शुद्ध होऊन आला की त्याची जात कोणती, त्याला मुलगी कोण देणार, इथे गाडी रुतायची. १९२३ मध्ये आग्रा-मथुरेकडच्या मलकाना राजपुतांची शुद्धी मोठ्या संख्येने होऊ शकली, कारण ते गटाने आले आणि राजपूत बिरादरीने त्यांना परत घ्यायची तयारी आधी दाखवली होती.

पारशांचं दार नेमकं कोणत्या बिजागरीवर बंद झालं हे मुंबई उच्च न्यायालयाच्या १९०८ च्या निकालात वाचायला मिळतं. न्यायमूर्ती दावर आणि बीमन यांच्यासमोर प्रश्न होता, पारशी पुरुषाशी लग्न करून नवजोत, म्हणजे धर्मदीक्षा, झालेल्या परकी स्त्रीला पंचायतीच्या विश्वस्त निधीचा, अग्यारीचा (अग्निमंदिराचा) आणि दोखम्याचा (मृतदेह ठेवण्याच्या बुरुजाचा) हक्क आहे का. जरथुस्त्री धर्मात प्रवेशाला मनाई नाही, हे मान्य झालं. पण हिंदुस्थानातल्या पारशांत तशी रीत नाही, आणि ‘पारशी’ हे वंशाचं नाव आहे, असं ठरलं. पारशी बापाची मुलं आत, परकी बायको बाहेर. धर्म उघडा आणि समाज बंद, हे इतकं स्वच्छ दुसरीकडे कुठे लिहिलेलं नाही. २००१ मध्ये देशात पारशी ६९,६०१ होते, २०११ मध्ये ५७,२६४ उरले.

आणि आता आपलं गाव. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याला, नंदीध्वजांच्या मिरवणुकीला, अक्षता सोहळ्याला येणाऱ्याला कोणी धर्म विचारत नाही. ज्या सिद्धरामांच्या नावाने हे चालतं त्यांची कथा मात्र दीक्षेची आहे. कन्नड शरणांची, म्हणजे लिंगायत संतांची, परंपरा सांगते की सोन्नलिगेत, म्हणजे जुन्या सोलापुरात, तळं खोदणाऱ्या, लिंगं स्थापणाऱ्या या कर्मयोग्याला शरण अल्लमप्रभूंनी कर्नाटकातल्या कल्याणला (आजचं बसवकल्याण) नेलं आणि तिथे चन्नबसवण्णांनी त्यांना इष्टलिंगाची, म्हणजे अंगावर धारण करायच्या लिंगाची, दीक्षा दिली. बाराव्या शतकातल्या त्या अनुभवमंटपात, म्हणजे शरणांच्या सभेत, चांभार, धोबी, ब्राह्मण, नावाडी सगळे लिंगधारी झाले होते. जन्म बघायचा नाही, गळ्यातलं लिंग बघायचं. मग ब्राह्मण मधुवरसांच्या मुलीचं लग्न चांभार हरळय्यांच्या मुलाशी ठरलं आणि कल्याणात रक्त सांडलं. पुन्हा मांडवच. आज लिंगायत घरात मूल जन्मल्यावर जंगम येऊन लिंगधारणा करतात आणि सोयरीक बहुधा पोटजात बघून होते. दीक्षेचा सिद्धांत आहे तसा आहे, बाहेरच्याने मागितली तर देणारे मठही आहेत. पण आपणहून बोलवायला कोणी हिंडत नाही. जो पंथ जन्म नाकारून उभा राहिला तो जन्माने चालू लागला, याला कोणाचा दोष म्हणून चालत नाही. भारतात दुसऱ्या-तिसऱ्या पिढीची लग्नं जमवता जमवता बहुतेक पंथांचं असं झालं.

शहराच्या पूर्व भागात पद्मशाली या तेलुगू विणकर समाजाचा मार्कंडेयाचा रथ निघतो. नारळी पौर्णिमेला त्या रथापुढे कोणीही चालावं, पण पद्मशाली ‘होता’ येत नाही, आणि व्हा असं कोणी म्हणतही नाही. जिल्ह्यातच पंढरपूर आहे. तिथे माळ घालून घेणाऱ्याला मद्य-मांस सोडावं लागतं, एकादशी धरावी लागते, वारीचा नेम घ्यावा लागतो. कीर्तनकार गावोगाव फिरून लोकांना याकडे वळवतात, आणि त्यात लपवाछपवी काही नाही. हा प्रसार नव्हे तर काय? फरक इतकाच की माळकऱ्याची सोयरीक होती तिथेच राहते, म्हणून घरचे फारसे आडवे येत नाहीत. दक्षिणेला शंभरेक किलोमीटरवर विजापूर. तिथल्या सूफींच्या परंपरेत दख्खनी भाषेतले चक्कीनामे रचले गेले, बायकांनी जात्यावर म्हणायचे. अल्ला, पैगंबर आणि पीर यांची नावं दळणाच्या लयीत घरात शिरली. रिचर्ड ईटन यांनी यावर बारकाईने काम केलं आहे. धर्मांतराचा दिवस शोधणाऱ्याला इथे दिवस सापडत नाही, जातं सापडतं.

आणि दिवस सापडतो तो १४ ऑक्टोबर १९५६. येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची, म्हणजे मध्ये एकवीस वर्षं. ती नुसती थांबण्यात गेली नाहीत. मे १९३६ मध्ये मुंबईत महार परिषद घेऊन निर्णय समाजाचा करून घेतला गेला, धर्मांचा अभ्यास झाला, पर्याय तपासले गेले. बाबासाहेबांनी एक तांत्रिक उणीवही हेरली होती: भिक्खूसंघात प्रवेशाचा विधी होता, गृहस्थाने धम्मात येण्याचा वेगळा विधी नव्हता. त्यामुळे उपासकाला आधीची दैवतं सोडण्याचं बंधन राहिलं नाही आणि त्याची मुलं कधी परत गेली ते कळलं नाही. म्हणून नागपूरला त्रिशरण-पंचशीलाला २२ प्रतिज्ञांची जोड दिली, आणि त्यांतल्या पहिल्या काही सरळ जुन्या दैवतांना न मानण्याच्या आहेत. वस्तीच्या वस्त्या एकत्र आल्यामुळे मांडवाचा प्रश्नही अडला नाही. अडलं ते सवलतींपाशी. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात बौद्धांचा समावेश व्हायला १९९० उजाडलं. धर्मांतर करणाऱ्यांनी कागदावर काय लिहिलं आणि का, याचा विचार करताना ही चाळीस वर्षं विसरू नयेत.

आता तुमच्याकडून आम्हाला हवं ते. ‘धर्मप्रसार योग्य की अयोग्य’ असा विषय देऊ नका. सात मिनिटांत मुलं न्यायाधीश होतात आणि काहीच शिकत नाहीत. त्याऐवजी ‘ज्यू धर्माने प्रसार का थांबवला?’, ‘जैन मुनी समुद्रापार का गेले नाहीत?’, ‘कल्याणचं लग्न’, ‘१९०८ चा पारशी निकाल’ असे छोटे, टोकदार विषय द्या. एका भाषणाला एक धर्म, फार तर दोन. पाच धर्मांची तुलना सात मिनिटांत केली की दर धर्माला दीड मिनिटही येत नाही, आणि तेवढ्यात शेरेबाजीशिवाय काही बसत नाही.

गुणांकनात निदान चाळीस टक्के गुण नेमक्या माहितीला ठेवा. आत यायचा विधी काय, किती दिवसांचा, साक्षीला कोण? आणणारा कोण, त्याचं पोट कशावर चालतं, तो कुठवर जाऊ शकतो? आलेल्याला मुलगी कोण देतं, आणि तो गेला की माती कुठे होते? (लिंगायतांत दहन नाही, बसवून पुरतात, म्हणजे रुद्रभूमीत जागा लागते, स्मशानाचा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.) राजाने काय सवलत किंवा शिक्षा ठेवली होती? यातल्या तिन्ही-चारी बाजू ज्याने तपासल्या त्याला आवाज बारीक असला तरी बक्षीस द्या.

शब्दांची गल्लत होते तिथे गुण कापा. धर्मप्रसार म्हणजे सांगणं, धर्मांतर म्हणजे बदलणं, दीक्षा म्हणजे विधी, शुद्धी म्हणजे परत घेणं. घटनेच्या पंचविसाव्या कलमात प्रसाराचा हक्क आहे. दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात म्हटलं आहे. हा फरक न कळता कलमाचा आकडा फेकणारे स्पर्धक जास्त असतात. आणि ‘असं म्हणतात’, ‘इतिहास साक्षी आहे’ यापुढे साल आणि जागा नसेल तर परीक्षकांनी तिथल्या तिथे, सौम्य शब्दांत, विचारावं: कुठे, केव्हा?

शेवटची विनंती वेळेची. विषय स्पर्धेच्या आधी दोन दिवस जाहीर करण्याऐवजी निदान तीन आठवडे आधी द्या. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू चारही भाषा घरात बोलणारी मुलं आहेत. शरणांची वचनं कन्नडमधून, चक्कीनामा दख्खनीतून वाचून दाखवू शकणारी आजी-आजोबा त्यांच्या शेजारातच असतात. तेवढी विचारपूस करायला तीन आठवडे पुरतात, दोन दिवसांत फक्त मोबाइल उघडला जातो.

आपले,
धर्मांचा इतिहास शिकवणारे काही अध्यापक
सोलापूर